छातीवरच्या दोन रिकाम्या जागा

"त्या दोन काढ. तुना पुस्तकम्हा नही शेतस."

विलासभाऊ असं म्हणाला तेव्हा माईक चालू होता. पंधरा ऑगस्ट. साक्री तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. झेंडा वर गेलेला, राष्ट्रगीत झालेलं, पोरं खाली बसलेली. आम्ही गावातले माजी सैनिक पुढे ओळीत उभे. प्रत्येकाच्या छातीवर मेडलांची पट्टी. माझ्या पट्टीवर पाच.

मी हललो नाही. तेव्हा त्यानंच हात घातला. माझ्या शर्टाची पिन उघडली, पट्टी काढली, त्यातली दोन मेडलं सरकवून स्वतःच्या खिशात टाकली आणि उरलेल्या तीन मेडलांची पट्टी परत माझ्या छातीवर लावली. वाकडी लावली. मग माईककडे तोंड करून शुद्ध मराठीत बोलला, "मिलिटरीत खोट्याला जागा नाही. आपल्या माणसाची चूक आपणच दुरुस्त करायची असते."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी वाजवल्या म्हणून पोरांनी वाजवल्या. आमच्या वस्तीतल्या माणसांनीही वाजवल्या. भाऊ बोलला की वाजवायच्या, एवढं हातांना ठाऊक. माझी बायको बायांमध्ये बसली होती. तिचे हात तेवढे मांडीवर होते, ते मी पाहिलं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस मी. नाईक म्हणून रिटायर झालेलो. आणि गावासमोर मला एखाद्या पोराच्या खिशातून चोरलेली कैरी काढून घ्यावी तसं उघडं केलं. मी काय केलं? सावधानमध्ये उभा राहिलो. सवय हो! शरीराला दुसरं काही सुचलंच नाही.

विलासभाऊ कोण, ते सांगतो. माझा बाप त्याच्या घरी सालदार होता. अक्षयतृतीयेला साल ठरायचं, पुढच्या अक्षयतृतीयेपर्यंत बाप त्यांचा. बैल त्यांचे, गोठा त्यांचा, बापाची झोपही त्यांच्याच गोठ्यात. विलास मालकाचा पुतण्या, माझ्याच वयाचा. धुळ्याला भरती निघाली तेव्हा आम्ही दोघं एकाच दिवशी पळालो. मी त्याच्या पुढे पळालो होतो. दोघंही लागलो, एकाच बटालियनमध्ये गेलो. मला वाटलं, चला, आता वर्दी सारखी, थाळी सारखी, बूट सारखे. आता हा माझा मालक नाही.

काही वर्षं तसं होतंही. सुट्टीवर गावी आलो की मात्र तो ओट्यावर आणि मी खाली.

आता हेव्याचं. लपवत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. भयंकर वाटतो. आजही. तो हवालदार झाला म्हणून नाही, केळीचा बाग आहे, बोलेरो आहे म्हणूनही नाही. त्याच्या छातीवर बर्फाचं मेडल आहे, हिमनदीवरच्या ड्यूटीचं, आणि ते त्याच्या डिस्चार्ज बुकात, नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात, शाईनं लिहिलेलं आहे, म्हणून. तो शाळाशाळांत भाषणं देतो. वरच्या चौकीवर दोरीला बांधून कसं चालतात, टूथपेस्टचा कसा दगड होतो, तोफेचा आवाज आधी पायांना कसा कळतो. पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात. मी मागं उभा राहून ऐकतो आणि आतून जळतो. कारण विलासभाऊ वरच्या चौकीवर कधी गेलाच नाही. तो खाली बेस कॅम्पच्या स्टोअरमध्ये होता. वर मी होतो. ते सगळं मीच त्याला सांगितलेलं, खाली आल्यावर, चहा पिता पिता.

त्याचं मेडल खोटं आहे असं मी म्हणत नाही. बेस कॅम्पवाल्यालाही ते मिळतं, नियम आहे. बरोबर मिळालं त्याला. पण मग माझं कुठं गेलं रे?

झालं असं. आमची बटालियन खाली होती. वर दुसरी बटालियन होती, तिच्याकडे मशीनगनवाले कमी पडले. आमच्यातले काही जण त्यांच्याकडे अटॅचमेंटवर पाठवले. म्हणजे जेवण त्यांचं, हुकूम त्यांचा, पण माणूस आमचा. सीझन संपत आला आणि एका सकाळी समोरून गोळे पडले. एक तुकडा माझ्या डाव्या खांद्यात घुसला. हेलिकॉप्टरनं खाली, तिथून एका मिलिटरी हॉस्पिटलला, तिथून दुसऱ्या. मी पलंगावर असताना दोन्हीकडे मेडलांच्या ऑर्डरी निघाल्या. माझ्या बटालियनला वाटलं, वरचे लिहितील. वरच्यांना वाटलं, हा आपला नव्हेच, त्याचे लोक लिहितील. कुणी वैर केलं नाही. दोघांच्या मधून मी खाली पडलो.

मला काहीच माहीत नव्हतं. वरच्या बटालियनचा सुभेदार हॉस्पिटलात भेटायला आला, म्हणाला, "तेरे दो मेडल पक्के. रिबन लगा ले." फौजेत असंच चालतं. हक्काचं मेडल यायला वर्षं लागतात, तोवर माणूस छावणीच्या दुकानातून विकत घेऊन लावतो. मीही घेतली. एक बर्फाचं, एक जखमेचं. पुढच्या सगळ्या परेडी ती लावून केल्या. साहेबांनी पाहिली, कुणी हटकलं नाही. छातीवर आहे म्हणजे कागदावर असणारच, असं धरून चाललो. रिटायर होताना डिस्चार्ज बुक हातात पडलं तेव्हा कोण वाचतं? इथं कंबल जमा कर, तिथं सही घे, रेल्वेचं वॉरंट घे, आणि गाडी पकड. सही केली आणि घरी आलो. आमच्यातल्या बहुतेकांनी असंच केलंय.

त्या पंधरा ऑगस्टच्या आधी विलासभाऊनं तालुक्याच्या माजी सैनिकांच्या मंडळासाठी सगळ्यांच्या बुकांच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. तो अध्यक्ष. त्यानं माझं बुक वाचलं. मी वाचलं नव्हतं, त्यानं वाचलं. मला घरी येऊन सांगता आलं असतं. दोन आळ्यांचं अंतर. त्यानं पटांगण निवडलं.

घरी आलो, बुक काढलं. मेडलांच्या रकान्यात तीन. बायकोला म्हटलं, "खोटा निघालो मी."

ती चुलीपाशी होती. मागं न बघताच म्हणाली, "कुडता काढा."

मी शर्ट काढला. तिनं खांद्यावरच्या खळग्यावर बोट ठेवलं. थंडी पडली की ती दरवर्षी तिथं तेल चोळते. "मंग हाई काय शे? हाई बी खोटं शे का?"

दुसऱ्या दिवशी साक्रीहून एसटीनं धुळ्याला गेलो. सैनिकांच्या ऑफिसात टेबलामागं एक जुना फौजीच होता. त्यानं बुक पाहिलं, माझं सगळं ऐकलं. म्हणाला, "अटॅचमेंटवाला आहेस ना? असे पुष्कळ राहिलेत. तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकू. दोन्ही युनिटची नावं लिही, हॉस्पिटल लिही. पुरावा काय आहे?"

पुरावा! माझ्याकडं कागद नव्हता. हॉस्पिटलची चिठ्ठी होती, ती घराच्या पत्र्यातून गळून गळून लगदा झाली होती. मग मला बायकोचं बोट आठवलं. तिथून उठलो आणि पांझरा नदी ओलांडून पलीकडच्या देवपुरात एका डॉक्टरकडे गेलो, खांद्याचा एक्स-रे काढला. डॉक्टर पोरसवदा होता. फिल्म खिडकीला लावून म्हणाला, "काका, आत काहीतरी आहे. लोखंड दिसतंय." हाडाच्या खाली, नखाएवढं, पांढरं. इतकी वर्षं माझ्याबरोबर भाकर खातंय ते. मी तिथं खुर्चीत बसलो आणि हसलो. डॉक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला. मला आनंद झाला होता हो, खरंच आनंद. एक्स-रे, डॉक्टरची सही, माझा अर्ज, सगळं त्या फौजीनं पाकिटात घातलं आणि पाठवलं.

गावात काही लपत नाही. आठ-पंधरा दिवसांत विलासभाऊचा निरोप आला, "सांजले घर ये."

गेलो. ओटा तोच, आता फरशी बसवलेली. त्यानं प्लॅस्टिकची खुर्ची पुढं सरकवली. आणि ऐका, मला लाज वाटते सांगायला, खुर्ची समोर असून माझे गुडघे आपोआप पायरीवर वाकले. बाप बसायचा त्या पायरीवर. त्यालाही ते नवल वाटलं नाही.

चहा आला. मग त्यानं खिशातून एक मेडल काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बर्फाचं.

"ले. मनापान जोडी शे. अस्सल शे, सरकारी. तू लाय. मी काय बोलनार नही. कोनले कयनार नही."

मी म्हटलं, "आन् अर्ज?"

"अर्ज सोड. कोठे कोठे चौकश्या व्हतीन, कोन वर व्हता, कोन खाले व्हता. कशाले उकरस? तुले मेडल पाह्यजे ना? ली ले. तुना बापनी आमना घर जनम काढा, तुनाकरता इतलं करू शकस मी."

ते मेडल माझ्या मुठीत होतं. सांगतो, मला ते हवं होतं. तोंडाला पाणी सुटावं तसं हवं होतं. इतकी वर्षं मी ज्याच्याकडं बघून जळलो ते माझ्या घामट हातात आलं होतं, आणि वजनाला किती हलकं! घरी नेलं असतं. सव्वीस जानेवारीला लावलं असतं. तोही टाळ्या वाजवणाऱ्यांत असता. फक्त वरच्या चौकीची गोष्ट कायमची त्याची झाली असती, आणि माझ्या छातीवरचं मेडल, अक्षयतृतीयेला बापाला नवं धोतर मिळायचं ना, तसलं झालं असतं.

बापाचं नाव त्यानं काढलं नसतं तर मी कदाचित ते मेडल घेतलं असतं. एवढं खरं.

मी पायरीवरून उठलो. वर चढलो, ओट्यावर. बूट न काढता. त्याच्यासमोर उभा राहिलो, त्याच्या कुडत्याचं कापड चिमटीत धरलं आणि ते मेडल त्याच्या छातीवर लावलं. पिन नीट बंद केली. सरळ लावलं, वाकडं नाही. त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. तो खाली स्वतःच्या छातीकडं बघत राहिला.

म्हटलं, "हाई तुनं शे. मनं मी आनसू. आन् मनी दोन, जी तू खिसाम्हा घालेल शेतस, ती माले आते दे."

'तू' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, त्या घरात. आतून त्याची म्हातारी आई बाहेर येऊन दारात उभी राहिली. त्यानं आत जाऊन माझी दुकानातली दोन मेडलं आणली, माझ्या हातावर टाकली आणि म्हणाला, "माज चढना तुले."

हो, चढला. फार उशिरा चढला.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. पडताळणी चालू आहे, वरच्या बटालियनकडून जुन्या नोंदी मागवल्या आहेत, वेळ लागेल. धुळ्याचा तो फौजी म्हणाला, "लागेल म्हणजे लागेलच. दर महिन्याला येत जा." मी जातो. कंडक्टर ओळखतो आता.

सव्वीस जानेवारी आली. देवपुरात एक शिंपी मिलिटरीचे ब्लेझर शिवतो. त्याच्याकडून नवी पट्टी करून घेतली होती. पाच मेडलांची पट्टी, तीन मेडलं लावलेली. शिंप्याला वाटलं, हिशोब चुकला. मी म्हटलं, "चुकला नाही. दोन जागा सोड. अशाच उघड्या सोड."

ती लावून शाळेच्या पटांगणात गेलो. विकत घेतलेली दोन घरी डब्यात ठेवली. ती आता नाही लावत. कागदावर नाव चढेल, सरकारी येईल, तेव्हाच लावीन. पुढच्या ओळीत जाऊन उभा राहिलो, विलासभाऊच्या अगदी शेजारी. त्याच्या छातीवर बर्फाचं मेडल चमकत होतं. माझ्या छातीवर तिथंच रिकामी पट्टी. हेवा गेला असेल असं वाटलं होतं. कुठचा जातो! तितकाच उसळला.

तो ओठ न हलवता म्हणाला, "मांगे जाय. शोभा करू नको."

मी जागचा हललो नाही. आता सवयीनं नाही, ठरवून.

झेंडा झाल्यावर नव्यानं आलेल्या एका मास्तरीणबाईंनी विचारलं, "काका, ही दोन पडली का कुठं?"

माईक चालूच होता. मी मोठ्यानं सांगितलं, "पडली नाहीत बाई. एक वरच्या चौकीवर राहिलंय आणि एक इथं खांद्यात आहे. वर कोण होतं ते रेकॉर्डवाले शोधतायत. सापडलं की मीच येऊन सांगेन, ह्याच माईकवर."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. विलासभाऊचं त्या दिवशी भाषण होतं. तो उठला, माईकपाशी गेला, आणि वरच्या चौकीची गोष्ट न सांगता स्वच्छतेवर बोलून खाली बसला.

आता मी दर पंधरा ऑगस्टला जाणार, दर सव्वीस जानेवारीला जाणार. ही अर्धी पट्टी लावून, त्याच्याच शेजारी उभा राहणार. मुलीला अर्जाचा नंबर पाठ करायला लावलाय. मी मेलो तर ती धुळ्याची एसटी धरेल. त्या दोन जागा माझ्या नावानं भरतील. नाहीतर रिकाम्या राहतील, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पण त्याच्या घरचं तिथं काहीही लागणार नाही.