डिंकाच्या लाडवांचा खुलासा

आमची लेक पुण्यात बाळंत झाली, तेव्हा माझ्या दिल्लीच्या मेहुणीने तिच्यासाठी डबाभर डिंकाचे लाडू माझ्याबरोबर पाठवले. विमान पुण्यावर आलं तर धावपट्टी बंद. घिरट्या घालता घालता इंधन संपत आलं, म्हणून ते हैदराबादला नेलं. तिथे टाकी भरेपर्यंत कुणाला उतरू देईनात आणि खायलाही काही नव्हतं.

शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "विमानाच्या पोटाची सोय झाली. आपण काय वारा खायचा?"

मी त्यांना एक लाडू दिला. मग मागच्यांना, पुढच्यांना. डबा हसतखेळत फिरला आणि परत आला तेव्हा उरलेला एकुलता लाडू मीच खाल्ला.

घरी सांगितलं, "तपासणीत काढून घेतले."

तेव्हापासून डोक्यावरून विमान गेलं की बायको म्हणायची, "बाळंतिणीच्या तोंडचा घास पळवणाऱ्यांना तो पचायचा नाही हो!" मी मान खाली घालायचो. बिचाऱ्या तपासणीवाल्यांवरचा आळ या वयात तरी पुसावा, म्हणून काल तिला खरं सांगितलं.

"अहो, मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "मिशीत खोबरं होतं तुमच्या. इतकी वर्षं मी तुम्हालाच बोलत होते."