बाण नसलेली जागा

मी भूगोल शिकवते. नांदेडला ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं झाली. वर्गात कुणी भुताखेताचं काढलं की मी त्याला त्या जागेचे अक्षांश-रेखांश विचारते आणि पोराची चांगलीच फजिती करते. त्यामुळे इथे लिहायची मलाच लाज वाटत होती. पण नवरा म्हणाला, लिहून टाक एकदाचं, निदान रोज मला सांगणं तरी थांबेल. म्हणून लिहिते आहे...

गेल्या वर्षी बाळंतपणासाठी माहेरी गेले होते. शिरूर अनंतपाळपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. सव्वा महिना खोलीबाहेर पाय टाकायचा नाही, हा आईचा कायदा. कानाला स्कार्फ, खाटेखाली शेगडी, खिडकी बंद. मुलगी गुणी होती, दुपारी तीन-तीन तास झोपायची. मी मात्र छताकडे बघून बघून वैतागले होते. एक-दोनदा तर उगाच रडूही आलं.

मग मोबाईलवर एक ऑनलाइन खेळ सुरू केला, रहस्य उलगडण्याचा. जगाच्या नकाशावर कुठल्या तरी रस्त्यावर आपल्याला सोडून देतात. गाडीवरच्या कॅमेऱ्यानं काढलेले खरे फोटो असतात. बाण दाबत पुढे जायचं, पाट्या, खांब, झाडं बघून जागा ओळखायची, की पुढचा सुगावा मिळतो. कॉलेजातली माझी मैत्रीण सुजाता नांदेडहून तोच खेळत होती. मला तो सोपा जायचा. वर्गात मी नेहमी सांगते — कुठलंही चित्र समोर आलं की आधी विचारा, बघणारा कुठे आहे? उंचावर आहे की खाली? अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

बारशाला नऊ दिवस होते. त्या दुपारी सहावा सुगावा उघडला आणि स्क्रीन अंधारली. नीट पाहिलं तर गोल भिंत, पांढुरक्या मातीची, वर निमुळती होत गेलेली. अगदी वर उजेडाचं वेडंवाकडं भगदाड आणि त्यातून आत लोंबणारं गुलाबी कापड. खाली नेहमीचा प्रश्न — तुम्ही कुठे आहात? पण बाण एकही नाही. बोट फिरवलं की इकडेतिकडे बघता येत होतं, जागचं हलता येत नव्हतं.

विहीर, गुहा, भुयार... सुचेल ते लिहिलं. सगळं चूक. खेळ बंद करून पुन्हा उघडला तरी मी तिथेच. सुजाताचा सहावा सुगावा केव्हाच सुटला होता, ती कुठल्याशा बंदरावर पोचली होती. तिला माझ्या स्क्रीनचा फोटो पाठवला, तर म्हणाली नुसता काळा चौकोन आलाय. तीन दिवस मी त्या भोकात होते. खोलीत अडकलेली आणि मोबाईलमध्येही अडकलेली. तरी हात पुन्हा मोबाईलकडे जायचा.

चौथ्या दिवशी मथुराआत्यानं ते पाहिलं. ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाळाला न्हाऊ घालायला रोज यायची. डोळ्यांजवळ मोबाईल धरून तिनं बराच वेळ बघितलं.

"पेव हाय हे," ती म्हणाली. "पर पेवाचं तोंड गोल राहतंय माय. हे फुटल्यालं दिसून राहिलंय."

पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला घागरीच्या आकाराचा खोल खड्डा. आमच्या दारातही एक होतं म्हणे. कुठे, असं विचारलं तर तिनं बसल्या जागेवरून हात केला — अंगणात, आता शहाबादी फरशी आहे तिथे. बारशाचा मांडव तिथेच पडणार होता आणि मधोमध पाळणा.

मी अण्णांना बोलावलं. ते म्हणाले, आजोबांनी ते कधीच बुजवलंय. कसं बुजवलं? तर तोंडावर शिळा ठेवली आणि वर माती लोटली. आत काय टाकलं? आत कशाला टाकायचं, असं त्यांनी मलाच विचारलं. पन्नास वर्षं त्यावर बैल बांधले, काही झालं नाही.

आईनं मोबाईल काढून घेतला. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण दिला की असले भास होतात म्हणे. माझा धाकटा भाऊ विलास, त्याला विनवलं. त्यानं फरशीवर दोन-तीनदा पाय आपटला आणि लई मजबूत हाय ताई, असं दारातूनच सांगितलं. मला उंबरा ओलांडून फरशी ठोकूनही बघता येईना. आपल्याला वेड तर लागत नाही ना, ही भीती होतीच. पण डोळे मिटले की त्या फरशीवर माझ्या मुलीचा पाळणा दिसायचा, ती भीती मोठी होती.

बारशाच्या सकाळी मी अण्णांना सांगितलं, "पोरीला मी अंगणात देणार नाही. पाळणा या खोलीत बांधा, नाहीतर बारसं करू नका."

"चार लोकांत हसं करून राहिलीस बाई आमचं," एवढंच ते बोलले आणि निघून गेले. पण पाळणा खोलीत बांधला. तीस बायका तिथे घामाघूम झाल्या. सासूबाई पदरानं वारा घेत माझ्याकडे बघायच्या आणि मी दुसरीकडे.

मांडवातली मधली जागा रिकामी राहिली. पुरुषांच्या पंगती कडेकडेनं बसल्या होत्या, म्हणून वाढप्यांनी पाचशे लिटरची टाकी मधोमध आणून ठेवली आणि पाइपनं काठोकाठ भरली. इकडे माझी नणंद बाळाच्या कानात नाव सांगत होती — ओवी. तेवढ्यात बाहेर धप्प असा जड आवाज झाला आणि पायाखालची जमीन हलली. विलास ओरडत आला. टाकी दिसेनाशी झाली होती.

कुणालाही लागलं नाही. पाळण्याभोवती दहा-बारा बायका उभ्या राहिल्या असत्या, त्यांचं वजन टाकीपेक्षा जास्तच भरलं असतं. मी सव्वा महिन्याचा कायदा मोडून बाहेर धावले. मांडवाचा एक खांब कलला होता. वरचं कापड फाटून भगदाडात लोंबत होतं. गुलाबी. मांडववाला ठरला तोच बारशाच्या दोन दिवस आधी, कापडाचा रंग घरात कुणालाच माहीत नव्हता.

अण्णा नंतर येऊन उंबऱ्यावर बसले. "आत काईच न्हवतं बाई," म्हणाले, आणि ओवीचे पाय बराच वेळ हातात धरून राहिले. मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईल मिळाला. खेळ उघडला तर मी सुजाताच्या त्याच बंदरावर होते. मागे जाऊन सहावा सुगावा काढला. साधा चौक, सिग्नल, पिवळी बस.

लहानपणी पेवाबद्दल कधी कानावर पडलं असेल, हे मी मानते. कापडाचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि 'बघणारा कुठे आहे?' या माझ्या वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर तर मला नकोच आहे. अण्णांनी आठवड्याभरात मुरूम टाकून पेव भरून घेतलं, आत कुणीच उतरलं नव्हतं. पण ते चित्र वरून काढलेलं नव्हतं. तळातून, वर बघून घेतलेलं होतं, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवरून.

बारशानंतर दोन-तीन दिवसांनी मी खाटेशेजारी बसले होते. ओवी उताणी पडून होती. मान वळवून इकडे बघायची, तिकडे बघायची, मग वर. जागचं हलता येत नव्हतं तिला.