कळीआत्याचा काळा दोरा

कळीआत्या डोळे मिटून सांगायची, ही कळी आजची, ही उद्याची. भुईगावात आमच्या घराला लागूनच तिची मोगऱ्याची वाडी. उजाडता उजाडता ती कळ्या खुडायला लागायची, आणि आम्ही पोरींनी ओढणीने डोळे बांधले तरी चुकायची नाही. "डोळ्यांना काय कळतंय गो? कळी बोटांना सांगते," म्हणायची. आज उमलणारी कळी जरा फुगलेली, मऊ लागते, उद्याची टणक. हे मलाही तिनेच शिकवलं.

बोलायला भारी फटकळ. माझा गजरा सुटला की सगळ्यांदेखत विचारायची, "गाठ मारलीस की नुसता हात फिरवलास?" स्वतःच्या दुखण्याची मात्र तिला लाज वाटे. मला नोकरी लागली त्या वर्षी तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. ती हात झटकायची नि हसायची. मला कुठलं हसू यायला? टोपलीत उद्याच्या कळ्या दिसू लागल्या होत्या.

मनगटाला काळा दोरा बांधणं हा आमच्याकडचा घरोघरचा उपाय. एका हाताने गाठ बसत नाही, म्हणून दर अमावास्येला ती माझ्यासमोर हात धरायची. "आवळ गो. सैल दोऱ्याला गुण नाय." मी आवळायची, वळ उठेपर्यंत आवळायची. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणे, "बहर संपू दे." बहर संपला, पुढचाही आला.

मग एक दिवस उकळत्या चहाचं पातेलं तिच्या हातून सुटलं. थोडक्यात पाय वाचले. मी तिला ओढतच वसईला नेलं. डॉक्टरांनी आधी दोरा कापला. "नस मानेत दबते, कोपरात दबते, मनगटातही. साखरेनेही हात बधिर होतो. तपासल्याशिवाय कसं सांगू?" तपासात मनगट निघालं. अंगठ्याच्या बुडाचं मांस आटलं होतं. इतके महिने तो हात हातात घेऊनही मला ते दिसलं नव्हतं! "दोऱ्याने दुखणं आणलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण त्याच्या भरवशावर फार उशीर केलात."

ऑपरेशननंतर मुंग्या गेल्या, चिमटीतला जोर काही परतला नाही. वाडी पुतण्याने सांभाळली. आत्या ओट्यावर बसून आमच्या गाठींना नावं ठेवायची. एकदा मला तिच्यापुढे रडूच फुटलं, तर म्हणाली, "मी सांगितलं म्हणून तू आवळलंस. आता हेही ऐक. तुझा हात बधिर झाला, तर दोरा शोधत बसू नको." दोन वर्षांपूर्वी ती गेली.

गेले काही आठवडे माझ्याही उजव्या हाताला मुंग्या येतायत. सासूबाईंनी काळा दोरा काढून ठेवलाय. मी रोज सकाळी, जीव मुठीत धरून, कुंडीतली कळी डोळे मिटून चाचपते. आज ती आजची की उद्याची, मला सांगता आलं नाही. दोरा होता तिथेच ठेवला आणि ऑफिसला फोन केला, आज येत नाही, डॉक्टरांकडे जातेय.