अक्कानं दाखवलेला माळ

दुधनीच्या बाजारात तुरीचे सौदे चालू होते. मूठभर तूर तळहातावर घेऊन मी दाण्यातली ओल बघत होतो, तेवढ्यात सोलापूरहून अक्काच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "बसवराजभाऊ, तुम्ही लगेच निघा..." एवढंच त्या म्हणाल्या. अक्का सकाळी चहा ठेवायला उठली होती, ती ओट्यापाशीच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आता काही आठवडे झाले, तरी बाजारात फोन वाजला की माझी मूठ आपोआप मिटते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महानंदा. सोलापूरच्या एका महाविद्यालयात तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला. आमचं घर व्यापाऱ्याचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मुलीनं शिकायला सोलापूरला जावं हे आमच्या अप्पांना पटलं नव्हतं. पण अक्का पहाटेच्या पॅसेंजरनं जात राहिली आणि अप्पा रोज तिला स्टेशनवर सोडायलाही जात राहिले. दोघं वाटेत एकमेकांशी बोलायची नाहीत, असं आई सांगायची. लग्न तिनं केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा बाकीचे प्राध्यापक पेन्शनचं बोलत होते आणि ही बाई उपग्रहाच्या चित्रांवर काम करायला शिकत होती. एका कार्यशाळेला गेली आणि त्यातच रमली. त्यासाठी संगणकाला चार ओळींत हुकूम लिहावे लागतात, तेही तिनं चुकत चुकत शिकून घेतलं. एकदा मी तिच्या घरी गेलो, तर माझं ताट वाढायचं सोडून मला पडद्यासमोर बसवलं. "इल्ली नोडो तम्मा," म्हणजे इकडं बघ रे. "उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो, चित्र काढतो. वर्षानुवर्षांची चित्रं कुठंतरी लांब, मोठ्या संगणकांवर साठवलेली हायत. मी हितं बसून नुसतं विचारायचं. हिशेब तिकडंच हुतो, उत्तर माझ्याकडं येतं."

"म्हणजे आमच्या आडतीसारखंच की," मी म्हणालो. "पोती गोदामात, आमच्या हातात नुसता नमुना."

ती इतकी हसली! ते वाक्य तिनं पुढं वर्गातही सांगितलं. मग तिनं अकलूजकडचा भाग दाखवला, उसानं बारा महिने हिरवागार. आणि आमच्या गावाचा माळ, पिवळा-तपकिरी. "आपलं नशीबच उघडंबोडकं," मी म्हणालो. ती एकदम गंभीर झाली. "उघडं न्हवं रे ते. गवत हाय. गवताचा रंगच तसा असतो..."

पुढं याच माळावर एका संस्थेनं झाडं लावायचं ठरवलं. कागदोपत्री माळ 'पडीक' होता, गाव खूश होतं, खड्डे काढायला यंत्रही ठरलं होतं. अक्कानं जुन्या-नव्या चित्रांची रांग लावली. पावसात हिरवा, दिवाळीला सोनेरी, उन्हाळ्यात तपकिरी, दरवर्षी तसाच. तिथं झाडांचं रान कधी नव्हतंच. ते जुनं गवताळ कुरण होतं, मेंढरांचं, चंडोलांचं, लांडग्यांचं. पण नुसत्या चित्रावर तिचा विश्वास नसे. मला घेऊन ती माळभर हिंडली, पवन्या-मारवेल गवताच्या काड्या हातात धरून बघत राहिली. कडेला आल्यावर ती थांबली. तिथं आमची तूर उभी होती.

"बसू, ही पट्टी आपली न्हाय," ती हळूच म्हणाली. "जुन्या चित्रांत हितं गवत हाय. आपल्या अप्पांनी हळूहळू नांगर आत सरकवलाय."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी जन्मापासून ते आमचंच शेत समजत होतो. "मग आधी मला नांगर थांबवू दे," मी म्हणालो, "मग दाखव गावाला."

"चित्र मागचं हाय रे. थांबवून ते पुसलं जात न्हाय."

ग्रामसभा शाळेच्या वर्गात भरली. सरपंच हात जोडून म्हणाले, "म्याडम, झाडं लावल्यानं कुणाचं वाईट हुतंय व्हय?" मागून कुणीतरी हसलं. अक्का चिडली नाही. भिंतीवर एकेक चित्र दाखवत गेली, आणि कुणी विचारायच्या आधीच त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "ही आमच्या घरानं नांगरली. आमी ती सोडतोय. झाडं जरूर लावा, पण ओढ्याकाठी, शाळेभोवती. माळ तेवढा माळ राहू द्या." अप्पांचं नाव तिनं घेतलं नाही. माळात नांगर सरकवणारे आम्ही एकटेच नव्हतो, हे खाली गेलेल्या बऱ्याच मानांवरून दिसत होतं. सगळ्यांना पटलं असं नाही. पण झाडं ओढ्याकाठी गेली, आणि माळ राहिला.

मला मात्र ते जड गेलं. बाजारात लोक तोंडावर म्हणत, "भैणीनंच भावाची जमीन घालवली की!" मी हसून टाळायचो, पण अक्काला फोन करणं बंद केलं. भाऊबीजेला ती येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, नेहमीच्याच गाडीनं, शेंगापोळ्यांचा डबा घेऊन. तिनं ओवाळलं. "लई राग आलाय का रे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अप्पांचा आलाय. तुझा येत न्हाय, म्हणून तर अवघड झालंय." मग आम्ही दोघंही रडलो... जेवण झाल्यावर तिनं माझा फोन मागून घेतला आणि आमच्या माळाचा नकाशा त्यात बसवून दिला, उपग्रहाचं नवं चित्र त्यावरच दिसावं म्हणून. नवं चित्र आलं की तिचा फोन यायचाच. "बघितलास का? पट्टी पुसट व्हायलीय."

परवा सौदे आटोपल्यावर मी पेढीवर एकटाच बसलो होतो. फोनवर नवं चित्र आलं होतं. उन्हाळा तोंडावर आलाय, सगळा माळ सोनेरी-तपकिरी झालाय. मी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. आमची पट्टी कुठून सुरू होत होती आणि कुठं संपत होती, मला काही केल्या सापडेना. हे सांगायला मी अक्काचा नंबर लावला. पलीकडं बराच वेळ घंटी वाजत राहिली, आणि मीही ती वाजू दिली.