पीठ न पडणारी चक्की

पुण्याकडची माणसं गिरणी म्हणतात, आम्ही जबलपूरचे मराठी लोक चक्की. या एका शब्दापायी गेल्या वर्षी प्रमोदिनीमावशीनं सगळ्यांची भंबेरी उडवली.

जबलपुरातच, अधारतालला, तिच्या घराच्या पुढच्या खोलीत चक्की होती. तिचे यजमान नीलकंठकाका फॅक्टरीतून सुटले की थेट तिचा पट्टा चढवायचे. फळीवरची ताटं वाजायची, सगळ्यांच्या भुवयांवर पीठ. सुट्टीत मी तिथं राहायचो. त्या घरघरीत दुपारी जी झोप लागायची, ती मला पुन्हा कुठं मिळाली नाही. काका गेले, चक्की विकली, आणि मुलगा अतुल आईला कुंडम गावी स्वतःकडे घेऊन गेला. तो तिथं मास्तर आहे.

मग त्याच्या घरामागच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. रात्रभर घूं-घूं. अतुलची झोप उडाली, रक्तदाब वाढला, वर्गात पोरांवर उगाच खेकसू लागला. त्याच्या तक्रारीवरून आवाज मोजायला प्रदूषण मंडळाकडून सुमेध आला, जबलपूरच्या राइट टाउनचा मराठी मुलगा. अंगणात यंत्र लावून तो घरच्यांना एकेक करून विचारू लागला. त्रास होतो असं ठरलं, तर रात्री पाती थांबणार होती. मी त्या दिवशी तिथंच होतो.

"आजी, चक्कीच्या आवाजानं त्रास होते का?"

"काहून होईल बेटा? त्याच आवाजात माझा संसार झाला."

अतुलनं कपाळावर हात मारला. "आई, बाबांची चक्की नाही! मागची, पवनचक्की!"

"अच्छा, ती! ती तर नुसती फिरून राहिली. पीठ कुठं पडते?"

आम्ही पोट धरून हसलो. मावशी हसली नाही.

"पण खरं सांगू? ती सुरू झाली न, तेव्हापासूनच मला इथं झोप लागते. डोळे मिटले की वाटते, हे समोरच्या खोलीत दळून राहिले."

अतुल मान खाली घालून बसला होता. मावशीनं त्याच्या जागरणानं लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सुमेधकडे वळली.

"लिही बेटा. आजीले खूप त्रास होते."



आता रात्री पाती थांबतात. अतुल गाढ झोपतो. मावशीला फोनवर विचारलं, तर तीही म्हणते, "मस्त झोप लागते रे." त्या दिवसापर्यंत जन्मात कधी खोटं बोलली नव्हती बिचारी, त्यामुळे तिला ते अजून नीट जमत नाही.