वरचे दोन नट

१९९२ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, माझा धाकटा भाऊ दिलीप समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर वारला.

मी भोकरदनच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. वर्गात कुणी भुताखेताचं काढलं की मी ते शांतपणे खोडून काढी. आजही खोडून काढतो... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

त्या रविवारी मी टेंभुर्णीला घरी होतो. सकाळचे सव्वासात. आई ओसरीवर तूर पाखडत होती, मी शेजारी पेपर तपासत बसलो होतो. तिचं सूप थांबलं. दाराकडं बघत, नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "वरचे दोन नट हातानंच फिरवले म्हणतोय. पाना लावायचा राह्यला."

"कोण म्हणतोय?"

"दिलप्या. उभा न्हाई का हा."

दारात कुणी नव्हतं. दिलीप महिन्याभराच्या पाळीवर समुद्रात होता. डोळा लागला असेल, असं मी तिला म्हणालो. ती पुन्हा पाखडायला लागली. थोड्या वेळानं परत विचारलं, तर तिला काहीच आठवेना. उलट मलाच म्हणाली, "मास्तर झाला अन् दिवसा सपनं पाहून राह्यला."

संध्याकाळी तार आली.

चौकशीचा अहवाल बऱ्याच महिन्यांनी आला — इंग्रजीत. रात्रपाळी संपता संपता दिलीपनं दुरुस्त केलेल्या गॅसच्या पाइपावर झाकण बसवलं, काम पूर्ण म्हणून सही केली आणि हत्यारं गोळा करायला तिथंच थांबला. दिवसपाळीच्या माणसानं सही पाहून गॅस सोडला. सात वाजून दहा मिनिटं. झाकणाच्या फटीतून गॅस बाहेर आला आणि पेटला. झाकणाचे बाकीचे नट बरोबर आवळलेले होते. वरचे दोन नुसते हातानं फिरवलेले. शेवटी लिहिलं होतं — मानवी चूक.

आईनं एकच विचारलं. "माझ्या पोराची चूक निघाली का?"

"न्हाई," मी म्हणालो. त्या ओळी सोडून बाकीचं वाचून दाखवलं.

"मंग ज्यानं गॅस सोडला त्याची."

मी अहवालाची घडी घातली.

पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस, कुरियन, दिलीपची बॅग घेऊन आला. दोन्ही हात भाजलेले. तो वाकला तसे आईनं पाय ओढून घेतले. मला आत बोलावून तिनं सांगितलं, ह्याला पाणी द्यायचं न्हाई. मी दिलं नाही. मे महिना होता.

फाट्यावर सोडायला गेलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "रिपोर्ट पढ़ा ना आपने?"

"पढ़ा," मी म्हणालो. त्यानं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि एसटीत चढला.

आई २००१ साली गेली. तोवर ती कुरियनच्या नावानं तळतळत राहिली. तिनं कधी समुद्र पाहिला नव्हता की हातात पाना धरला नव्हता. त्या सकाळी ते तिच्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. योगायोग म्हणून पाहिलं... पण नट दोनच, आणि तेही वरचेच?

कुरियनचा पत्ता माझ्याकडे आहे. पत्र मी अजून लिहिलेलं नाही.