ताईची कुत्री आणि खाडीतला गोल

ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची यच्चयावत भटकी कुत्री अक्षांश-रेखांशांसकट ओळखणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल आणि ती माझी आतेबहीण आहे. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. माझ्या बायकोला ती अजून माझ्या वहिनीच्या नावाने हाक मारते. पण कोपरीत भाजीवाल्यापाशी बसणाऱ्या तुटक्या कानाच्या कुत्र्याला मागच्या वर्षी कुठल्या पायाला जखम होती, हे तिला झोपेतून उठवून विचारा. एका कंपनीचा डेटाबेस सांभाळण्यात तिची हयात गेली. निवृत्त झाल्यावर तिने चार ओळखीच्या लोकांना आणि (अर्थातच न विचारता) मला गोळा केलं आणि रेबीजची लस टोचण्यासाठी कुत्र्यांची नोंद सुरू केली. कुत्रं दिसलं की फोटो काढायचा, नकाशावर ठिपका टाकायचा. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ती "एक मिनिट हं" म्हणून उठली आणि केटररच्या मागच्या बाजूला तीन ठिपके टाकून आली.

ठिपके हजारोंनी झाले, तेव्हा नकाशा उघडला की ठाण्याला गोवर आल्यासारखा दिसे आणि फोन बंद पडे. मग ताईने क्वेरी लिहिली, म्हणजे डेटाबेसला हुकूम सोडला. नकाशाचे चौकोन पाडायचे, एकेका चौकोनातल्या ठिपक्यांच्या जागांची सरासरी काढायची आणि तिथे सगळ्यांच्या बदल्यात एकच मोठा गोल दाखवायचा. नकाशा झटकन उघडला. त्या खुशीत ताईने सगळ्यांना पियूष पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकुमहून आमच्यातल्या एका मुलीचा फोन आला, "ताई, गोलाकडे चाललेय, पण पुढे खाडी आहे. कुत्री पोहतायत का?" त्या चौकोनात खाडीचे दोन्ही काठ आले होते आणि दोन्हीकडच्या कुत्र्यांची सरासरी बरोब्बर पाण्यात पडली होती.

ताईला ते फार लागलं. दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी नवी क्वेरी तयार. चौकोन रद्द, जवळजवळची कुत्री एका गटात आणि गोल मधल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या कुत्र्यावर. पण जवळ म्हणजे किती? तिने अंतर जरा सढळ हाताने धरलं, तर एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं असं करत कोपरीपासून माजिवड्यापर्यंत एकच गट झाला. "एवढी एकी आमच्या सोसायटीत नाही रे," म्हणत ताईने अंतर कमी केलं.

लसीकरण छान पार पडलं. संध्याकाळी आम्ही दमून चहा पीत होतो, ताई आकडे जुळवत होती. जुळेनात. आसपास दुसरं कुत्रं नसलेली कुत्री क्वेरीने कुठल्याच गटात धरली नव्हती आणि आमच्या हातातली यादी होती गटांची.

"मीच गाळलं त्यांना," ती एवढंच म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारी डॉक्टरांना घेऊन आम्ही एकेकाला शोधत फिरलो. शेवटी राहिली ती बाळकुमला, एका अर्धवट इमारतीपाशी वाळूच्या ढिगावर बसलेली म्हातारी कुत्री. तिथला वॉचमन म्हणाला, "ही कुणात मिसळत नाय, मॅडम. जवळ येऊ देनार नाय." डॉक्टरांनी सफाईने सुई टोचली; ती हललीसुद्धा नाही. डॉक्टर बॅग आवरून निघून गेले. ताई मात्र चांगल्या साडीनिशी तिथेच वाळूत बसली. कुत्रीने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या चपलेवर हनुवटी टेकवली.

मी स्कूटर चालू केली.

"तुला घाई आहे का रे?" ताईने विचारलं.

डोंबिवलीच्या तिच्या घरी दिवा लावायलाही दुसरं कुणी नसतं, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी नव्याने कळल्यासारखं वाटलं. "छे गं," म्हणत मी स्कूटर बंद केली आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.